विकत घेतलेल्या वस्तूचा मालक कोण?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



सॉफ्टवेअर, गेम आणि इंटरनेट यांतील नव्या प्रवाहांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चालकांची इच्छा आहे. हा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन प्रकारची मते ऐकू येतात. पालक म्हणतात, "या मोबाइलने आणि गेमने मुलांचे वाटोळे केले." मुले म्हणतात, "अब्बा, आता सगळे जग यावरच चालते." दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु या वादात एक साधा व्यवहाराचा प्रश्न मागे पडतो. तो असा की, आपण पैसे मोजतो तेव्हा आपल्या हातात नेमके काय पडते?

घरात शिलाई मशीन आणले तर ते कोणाचे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ते आपले असते. ते शेजारणीला वापरावयास देता येते, मुलीला देता येते, अडचणीच्या वेळी विकताही येते. सॉफ्टवेअर आणि गेम यांच्या बाबतीतही पूर्वी जवळजवळ असेच होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र ही स्थिती हळूहळू पालटली आहे आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ता नाही. आपल्यातील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष आखातात उन्हातान्हात राबून पैसा पाठवितात. त्या पैशाने आपण काय घेतो, हे समजून घेणे आपले कर्तव्यच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जपानच्या क्योटो शहरात १८८९ साली निन्टेन्डो ही कंपनी खेळावयाचे पत्ते बनविण्यासाठी निघाली. याच कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले. ते टीव्हीला जोडावयाचे आणि वर खेळाची कॅसेट बसवावयाची. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्याकडेही आल्या आणि गावोगावच्या मुलांनी त्यावर खेळ खेळले. आज पालक असलेल्या पुष्कळांना त्या कॅसेटी आठवत असतील. त्यांना कॅसेट म्हणत असले तरी आत फीत नसे, चिप असे आणि सबंध खेळ त्या चिपमध्येच असे. ती मित्राला द्यावी, त्याची आपण घ्यावी, कंटाळा आला की विकून टाकावी. बनविणारी कंपनी उद्या बंद पडली तरी कॅसेट चालतच राहील, असा तो व्यवहार होता.

डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन जपानात निघाले आणि कॅसेटऐवजी सीडी आली. २००० साली निघालेल्या प्लेस्टेशन २ या यंत्राचा खप १५ कोटींच्या वर गेला. तेथेही खेळ डिस्कवरच होता. कार्यालयातील सॉफ्टवेअरही डब्यातून सीडीवर येत असे. एकदा किंमत मोजली की तीच आवृत्ती वर्षानुवर्षे वापरता येई.

मग इंटरनेट आले. भारतात सर्वसामान्यांसाठी त्याची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' ही सेवा सुरू केली. दुकानात जावयाचे नाही, डबा नाही, डिस्क नाही. खात्यात पैसे भरावेत आणि खेळ इंटरनेटवरून आपल्या संगणकात उतरवून घ्यावा. सोय मोठी होती, परंतु तो खेळ आता खात्याला बांधला गेला. तो मित्राला विकता येत नाही.

२०१३ साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ॲडोबी कंपनीने जाहीर केले की, छायाचित्रे व छपाई यांसाठीच्या तिच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे एकरकमी विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरावी लागेल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलसाठी असा नियम सांगितला की, यंत्राने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे आणि जुने खेळ विकण्यावरही बंधने राहतील. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की, जून २०१३ मध्येच कंपनीला हे नियम मागे घ्यावे लागले. पण प्रवाह थांबला नाही. २०२० मध्ये निघालेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्राला डिस्कची जागाच नाही. प्लेस्टेशन ५ चीही तशी एक आवृत्ती त्याच वर्षी निघाली. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या यंत्राच्या काही खेळांच्या कार्डात तर खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो.

मित्रहो, यात कंपन्यांची बाजूही आहे आणि ती ऐकली पाहिजे. चोरून केलेल्या नकलांमुळे त्यांचे मोठे नुकसान होत असे. इंटरनेटमुळे चुका दुरुस्त करून पाठविता येतात, डिस्कवर ओरखडे पडण्याची भीती नाही आणि एखाद्या लहान गावातील तरुणही आपला खेळ जगभर विकू शकतो. हे लाभ खरे आहेत. पण 'खरेदी' हा शब्द तोच ठेवून आतील माल बदलला गेला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आता आपण वस्तू घेत नाही, वापरण्याची परवानगी घेतो. आणि परवानगी काढून घेता येते.

याची उदाहरणे घडलेली आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची काही पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी नंतर क्षमाही मागितली. पण विकलेले पुस्तक दुरून काढून घेता येते, हे जगाला कळले. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली स्टेडिया ही गेमची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. तेथे गूगलने खेळांचे पैसे परत दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ पाहा. एकट्याने खेळावयाचे असले तरी तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. या घटनेतून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की, केवळ परवाना विकत असाल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा.

आता 'फुकट' खेळांकडे वळू. आपल्याकडे बहुसंख्य मुले कन्सोलवर खेळत नाहीत, मोबाइलवर खेळतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि मोबाइल घराघरांत पोहोचला. हे खेळ घेताना पैसे पडत नाहीत. पैसे आत गेल्यावर पडतात. नवा पोशाख, नवे हत्यार, आणि आत काय आहे ते न सांगता विकली जाणारी बंद पेटी. ही पेटी म्हणजे एक प्रकारची सोडतच. बेल्जियमने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदेशीर ठरविल्या. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली आणि बटणांची रचना अशी केली की नकळत खरेदी होई, असे आरोप होते. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे साधे खेळ वेगळे ठेवले.

येथे पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अतिरेकाला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. पण त्या व्याख्येत खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ ठरणे, नुकसान दिसत असूनही तो न थांबणे आणि हे सर्व सहसा वर्षभर चालणे अभिप्रेत आहे. संध्याकाळी तासभर खेळणारा मुलगा आजारी नव्हे. त्याला आजारी ठरविल्याने तो चोरून खेळू लागतो आणि मग पैसे कोठे गेले हेही आपणांस कळत नाही.

मग करावे काय? माझ्या मते खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना हे चालेल काय? नको झाल्यावर दुसऱ्याला देता येईल काय? पुढे दरमहा काय भरावे लागेल? आणि खाते कोणाच्या नावावर राहील? लहान मुलाचे खाते पालकाच्या देखरेखीखाली असावे. त्याला जोडलेला ईमेल आणि पासवर्ड घरातील मोठ्या माणसाला ठाऊक असावा. बँकेचे कार्ड त्यात साठवून ठेवू नये. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये आणि दरमहा आपोआप पैसे कापण्याची संमती कोणकोणत्या सेवांना दिली आहे, ते अधूनमधून पाहावे. आखातातून येणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक सूचना. तिकडे घेतलेली प्लेस्टेशनची डिस्क येथे सहसा चालते, पण तिकडच्या दुकानाचे गिफ्ट कार्ड भारतातील खात्यावर चालत नाही. भेट आणण्यापूर्वी मुलाला विचारून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. आतापर्यंत मी भाड्याच्या घराविषयी बोललो. पण याच काळात दुसराही एक प्रवाह वाहत आहे, तो मुक्त सॉफ्टवेअरचा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा सॉफ्टवेअरची घोषणा केली, जे कोणीही वापरावे, अभ्यासावे, वाटावे आणि सुधारावे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज जगातील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांत मुले याच मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतात.

काही जण म्हणतील, फुकटच्या सॉफ्टवेअरवर मोठे काम होते काय? मार्च २०२५ मध्ये 'फ्लो' या लॅटव्हियाच्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळाले. तो चित्रपट ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरवर तयार झाला आहे. तेच ब्लेंडर तुम्ही आज रात्री एक पैसाही न देता घेऊ शकता. खेळ बनविण्यासाठी गोडो आहे, पत्रे व हिशेबासाठी लिब्रेऑफिस आहे, लहान मुलांनी प्रोग्रॅम लिहावयास शिकावे म्हणून स्क्रॅच आहे, मोठ्यांसाठी पायथन आहे. तेव्हा बाजारातून चोरीची नक्कल आणण्याचे आता कारण उरलेले नाही, आणि ते योग्यही नव्हे.

मुलींनाही मी हेच सांगेन. घरी एखादा जुना संगणक असेल तर तो भावाच्या खेळापुरता राहू देऊ नका. त्यावर तुमचाही तितकाच हक्क आहे. स्क्रॅच किंवा पायथन शिकण्यासाठी नवे महागडे यंत्र लागत नाही.

शेवटी संस्थेला एक विनंती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला आणि चांगले चालणारे कित्येक संगणक जुने ठरले. असे संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स घालून पाहावे. हे काम बाहेरच्या माणसाला न देता येत्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. एक-दोन यंत्रे बिघडतील, पुन्हा उघडावी लागतील. त्यातूनच मुले शिकतील. मुलांनी स्वतः उघडून, दुरुस्त करून, समजून घेतलेल्या यंत्राला हात लावताना त्यांना कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

पालकांनी माझ्या सर्व मतांशी सहमत व्हावे, असा आग्रह नाही. पण आज घरी गेल्यावर मुलाला रागे भरण्याऐवजी त्याच्या शेजारी बसावे आणि "हे काय आहे, यात आपले किती पैसे गेले आणि यातले आपले काय आहे?" एवढे विचारावे. मुलांनीही खरे उत्तर द्यावे.