नव्या पृष्ठभागाचे वय



शालेय पुस्तकात पाण्याचा पृष्ठताण एका आकड्यात सांगितला जातो: २५ अंश सेल्सिअसला दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. अनायनी पृष्ठसक्रिय द्रव्य, म्हणजे विद्युतभार नसलेले साबणासारखे द्रव्य, पाण्यात मिसळले की हा ताण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो; परंतु तत्क्षणी नव्हे.

नुकत्याच निर्माण झालेल्या पृष्ठभागावर या द्रव्याचे रेणू जवळपास नसतातच. त्या क्षणी ताण शुद्ध पाण्याइतकाच असतो. प्रथम लगतचे रेणू वर येतात, मग खोलवरचे विसरणाने पोहोचतात. काही परतही फिरतात. म्हणून ताण आधी वेगाने, मग मंदपणे उतरतो. द्रावण विरल असेल तर समतोलास मिनिटे, कधी तासही लागतात. १८९० मध्ये लॉर्ड रॅले यांनी साबणपाण्याच्या धारेवर हेच दाखविले: ताज्या पृष्ठभागाचा ताण जवळजवळ पाण्याएवढाच होता. १९४६ मध्ये वॉर्ड आणि टोर्डाय यांनी रेणूंच्या या ये-जा करण्याला गणिती रूप दिले.

कोबीच्या मेणचट पानावर फवाऱ्याचा थेंब आदळतो, पसरतो आणि आक्रसतो, हे सारे काही मिलिसेकंदांत घडते. तेवढ्यात रेणू पृष्ठभागी पोहोचले नाहीत, तर थेंब उसळून मातीत जातो आणि शेतकऱ्याचे औषध वाया जाते. समतोलाचा आकडा कितीही उत्तम असो, त्या थेंबाच्या उपयोगाचा नाही.

म्हणून प्रयोगवहीत पृष्ठताणाच्या आकड्याशेजारी पृष्ठभागाचे वयही नोंदविले पाहिजे.