तांब्याची नळी आणि लांकडी फळी

तांबें हा धातु मराठी घराला परका नाहीं. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, ताम्हन, पळी-पंचपात्र अशा अनेक नांवांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या न्हाणीघरांत आणि देवघरांत नांदत आला आहे. नळीच्या रूपानें मात्र त्याचा इकडील संसाराशीं परिचय थोडाच. पाश्चात्त्य देशांत घरांतलें पाणी तांब्याच्या नळ्यांतून खेळविण्याची चाल विसाव्या शतकांत रूढ झाली; इकडे प्रथम लोखंडी नळ आले, मागाहून प्लॅस्टिकचे आले, आणि तांब्याची नळी राहिली ती हवा थंड करणाऱ्या यंत्रांच्या पाठीशीं व रुग्णालयांतील प्राणवायूच्या वाहिन्यांत. अलीकडे मात्र हातानें कांहीं करण्याची हौस असणारी मंडळी तिच्याकडे निराळ्या हेतूनें पाहूं लागलीं आहेत. या नळीचे उभे खांब आणि त्यांवर लांकडाच्या आडव्या फळ्या, अशी पुस्तकांची मांडणी घरच्या घरीं उभी करतां येते. ती दिसतेहि सुरेख. तांब्याची लाली आणि सागाचा पिंगट रंग हे एकमेकांस शोभतात. स्वस्ताईसाठीं मात्र कोणीं या मार्गास जाऊं नये. लांकडी खांबांची मांडणी पुष्कळच कमी खर्चांत होते.

हौशी कारागिराच्या मनांत पहिली शंका येते ती ओझ्याची. एवढीशी पोकळ नळी, तिनें ग्रंथांचा भार कसा पेलावा? हिशेब केला म्हणजे ही शंका उरत नाहीं. ओळीनें उभीं केलेलीं पुस्तकें दर मीटरला साधारणपणें २० ते ३० किलो भरतात. ९० सेंटिमीटर लांबीच्या चार फळ्या गच्च भरल्या तर एकंदर भार ९० किलोच्या आसपास होईल, आणि तो चार खांबांत वांटला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास २२-२३ किलो येतील. २२ मिलिमीटर व्यासाच्या आणि ०.९ मिलिमीटर जाडीच्या नळीच्या आडव्या छेदांत सुमारें ६० चौरस मिलिमीटर तांबें असतें. तेवढें तांबें सरळ उभें असेल तर शेंकडों किलो सहज पेलील. भय आहे तें वरून येणाऱ्या भाराचें नव्हे, बाजूनें बसणाऱ्या धक्क्याचें.

याची प्रचीति पाहावयाची तर एक काड्यापेटी पुरे. आंतला खण काढून घ्यावा आणि नुसतें बाहेरचें आवरण टेबलावर उभें धरून त्याचा वरचा कोपरा बोटानें ढकलावा. आवरण तत्काळ कलतें आणि चपटें होतें. त्याची एकहि बाजू फाटत नाहीं कीं मोडत नाहीं, केवळ कोन बदलतात. आतां खण पुन्हां आंत सरकवावा. तेंच आवरण आतां हलतां हलत नाहीं. चार बाजूंच्या चौकटीला स्वतःचा आकार टिकविण्याची शक्ति जवळजवळ नसते. ती येते तिरप्या आधारानें अथवा मध्यें बसविलेल्या सलग पाठीनें. घरीं केलेल्या मांडण्या कोसळतात त्या बहुधा याच एका गोष्टीचा विसर पडल्यामुळें.

मांडणीचा बेत असा करावा. नळीच्या दोन शिड्या तयार कराव्या, प्रत्येकीची उंची १२० सेंटिमीटर. शिडीचे दोन खांब मध्यापासून मध्यापर्यंत २९ सेंटिमीटर अंतरावर ठेवावे आणि त्यांना चार आडव्या नळ्यांनीं जोडावें: पहिली जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, पुढच्या प्रत्येकी ३५ सेंटिमीटर अंतरानें. खालच्या तीन नळ्यांसाठीं, नळकाम करणारे ज्याला ‘टी’ म्हणतात ते त्रिमुखी सांधे आणि सर्वांत वर काटकोनी एल्बो लागतात. दोन्ही शिड्या मिळून १२ टी, ४ एल्बो, पायांस ४ टोप्या आणि सुमारें ७ मीटर नळी एवढें साहित्य होतें. नळीचें वजन पावणेचार किलोपर्यंत भरेल.

नळी घेतांना एक पथ्य पाळणें अवश्य आहे. वेटोळें करून विकली जाते ती नळी मऊ असते. हातानेंहि वांकते, आणि म्हणूनच ती थंडाव्याच्या यंत्रांना सोयीची. मांडणीला सरळ लांबींत मिळणारी कठीण नळीच हवी. धातु एकच असतां हा भेद कां, याचें उत्तर पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत कोणाहि कारागिराच्या हातोड्याखालीं ऐकूं येतें. तांबें ठोकलें किंवा दाबून ओढलें कीं कठीण होत जातें, आणि लालसर तापविलें कीं पुन्हां मऊ पडतें. तांबट भांड्याला मठारतो तें केवळ नक्षीसाठीं नव्हे. त्या ठोक्यांनीं पातळ पत्र्याला ताठपणा येतो. कारखान्यांत साच्यांतून ओढलेल्या नळीचा ताठपणाहि याच जातीचा. तेव्हां ती फार तापविली तर तो गेलाच म्हणून समजावें. सांध्यासाठीं पितळेचा कडक झाळ न वापरतां कथिलाचा मऊ झाळ वापरावा तो याच कारणास्तव.

मापें घेतांना सांध्याच्या आंत नळी किती शिरते तें आधीं पाहून घ्यावें, कारण आडनळी २९ सेंटिमीटर कापली तर शिडी तेवढ्यानेंच रुंद होऊन बसेल. कापण्यास चाकाचें लहान कातर-यंत्र मिळतें. तें नळीभोंवतीं फिरवावें आणि दर फेऱ्यास थोडें आवळावें. एकदम आवळलें तर नळीचें तोंड आंत दबतें. आंतील कंगोरा कानशीनें काढून टाकावा. मग जमिनीवर खडूनें शिडीची आकृति काढून सर्व तुकडे झाळण्यापूर्वीं नुसते जुळवून पाहावे, आणि समोरासमोरचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. दोन्ही सारखे भरले तर शिडी काटकोनांत आहे. दुसरी शिडी पहिलीवरच ठेवून जुळवावी, म्हणजे दोहोंत फरक राहत नाहीं.

झाळण्याचें काम अवघड वाटतें. पण ज्या घरांत पूर्वीं कल्हईवाला येत असे तेथील वडीलधाऱ्यांना त्याचें मर्म ठाऊक आहे. भांडें तापवून तो नवसागराची पूड टाकी, धूर निघे, धातु स्वच्छ होई आणि मग कथील क्षणांत पसरे. येथेंहि तोच प्रकार. नळीचें टोंक आणि सांध्याचें आंतलें अंग कांचकागदानें लखलखीत घासावें, झाळण्यासाठीं मिळणारा लेप दोहोंना लावावा, तुकडे जोडावे आणि ज्योत सांध्यावर धरावी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतें आणि तांबें १०८५ अंशांना, म्हणून घाईचें कारण नसतें. सांधा पुरता तापला कीं ज्योत बाजूला करून झाळाची तार कडेला टेकवावी. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा झाळ त्या केसाएवढ्या फटींत आपण होऊन खेंचला जातो, वरच्या दिशेनेंहि. तार ज्योतींत वितळवून थेंब सोडणें ही नवशिक्याची हमखास चूक. असा थेंब बाहेर चिकटून राहतो आणि आंत पोकळी तशीच असते. झाळ शिसेविरहित घ्यावा. काम उघड्या गच्चीवर विटा मांडून करावें, फळ्या आणि पडदे दूर असावे, पाण्याची बादली हाताशीं असावी. ज्यांना विस्तवाशीं खेळ नको त्यांनीं दोन भाग मिसळून वापरावयाचा इपॉक्सी गोंद वापरला तरी पुस्तकांपुरतें काम भागतें.

फळ्यांकरितां साग उत्तम. फळीची लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी २५ आणि जाडी २५ मिलिमीटर असावी. दोन शिड्यांमधील अंतर ७५ सेंटिमीटरच ठेवावें आणि फळी दोन्हीकडे थोडी बाहेर येऊं द्यावी. आधारांमधील अंतर वाढविण्याचा मोह मोठा असतो, परंतु सारखीं पुस्तकें ठेवलेल्या फळीची झोळ अंतराच्या चौथ्या घातानें वाढते. ७५ ऐवजीं १२० सेंटिमीटर अंतर ठेवलें तर झोळ साडेसहापट होते! उलट जाडी १८ वरून २५ मिलिमीटर केली तर फळी अडीचपटींहून अधिक ताठ होते. लांकूड भाराखालीं वर्षानुवर्षें हळूहळू वांकत जातें, हेंहि ध्यानांत ठेवावें; फळी अधूनमधून उलटी करून बसविण्याची जुनी युक्ति त्यावर चांगली आहे.

फळी आडनळीवर ठेवून खालून पितळी कमानदार पट्ट्यांनीं नळीला आवळावयाची असते. स्क्रूहि पितळीच घ्यावे. दमट हवेंत, विशेषतः समुद्रकांठच्या शहरांत, तांब्याच्या सान्निध्यांत लोखंड लवकर गंजतें, आणि सागावर त्याचे काळे डाग पडतात. परंतु पट्ट्या कितीहि आवळल्या तरी गोल नळीवर टेकलेली फळी म्हणजे बिजागरीच. अशी मांडणी पुढेंमागें घट्ट वाटते, कारण त्या दिशेनें झाळलेली शिडी उभी आहे; डावीउजवीकडे मात्र ती काड्यापेटीच्या आवरणासारखी डुलते. म्हणून मधल्या दोन फळ्यांच्या मागील कडांना ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची सलग पाठ दहा-बारा स्क्रूंनीं पक्की करावी. काड्यापेटीच्या खणाचें काम ती करते. खांब वरपासून खालपर्यंत अखंड असल्यामुळें एका कप्प्याची पाठ साऱ्या मांडणीला सांवरते. ज्यांना पाठ दिसावयास नको असेल त्यांनीं मागें दोन तिरप्या तारा फुलीसारख्या ताणाव्या. त्या ताणण्यास पेंच लागतो आणि अधूनमधून आवळाव्याहि लागतात.

एवढें झालें तरी मांडणी भिंतीला बांधल्यावांचून भरूं नये. १२० सेंटिमीटर उंच आणि २५-३० सेंटिमीटर खोल अशी वस्तु पुढें झुकण्यास फार जोर लागत नाहीं. त्यांतून तिच्या दोन्ही बाजू शब्दशः शिड्या आहेत, आणि चार वर्षांच्या मुलाला शिडीचा उपयोग शिकवावा लागत नाहीं. भाड्याच्या घरांत भिंतीला छिद्र पाडण्यास मालक नाखूष असतो हें खरें. तथापि वरच्या फळीच्या मागें दोन लहान कोनपट्ट्या बसविण्यापुरती त्याची समजूत काढणें, तेंहि जमत नसेल तर मांडणी दोनच फळ्यांची बुटकी करणें, यांहून तिसरा मार्ग मुलाबाळांच्या घरांत नाहीं. अवजड कोश आणि बांधीव खंड नेहमीं तळच्या फळीवर ठेवावे.

तांब्याची लाली कांहीं महिन्यांत मावळून त्याला तपकिरी छटा येते. ती राखावयाचीच असेल तर फळ्या चढविण्यापूर्वीं चिंच-मिठानें किंवा लिंबानें नळ्या उजळून, स्वच्छ धुऊन आणि पुसून त्यांवर लॅकरचा पातळ हात द्यावा. खुशाल तपकिरी होऊं द्यावी हें मात्र अधिक बरें. पुस्तकांशेजारीं आंबट पाण्याचा खेळ दर पंधरवड्यास मांडण्यांत अर्थ नाहीं.

पुस्तकें लावल्यावर महिन्याभरानें एकदां सर्व पट्ट्यांचे स्क्रू पुन्हां आवळून घ्यावे, कारण नवें लांकूड घरांतील हवेशीं जुळतांना किंचित् आकसतें, आणि पट्ट्या पहिल्यानें सैल पडतात त्या तळच्या, सर्वांत भरलेल्या फळीच्या.