नावाचे पैसे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." एआयवर हल्ली सगळेच बोलतात, खुद्द एआयसुद्धा. मी घड्याळांवर बोलणार आहे. काल रात्री जेवताना आपल्या वर्गातली मुलं (म्हणजे आता टक्कल पडलेली मुलं) एकमेकांची मनगटं न्याहाळत होती, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काही नाही रे, नुसते नावाचे पैसे!" हे वाक्य आपण सगळ्यांनी घरी ऐकलंय. बूट असो, पेन असो, टीव्ही असो, निकाल ठरलेला. मला आज त्या वाक्याशीच थोडं भांडायचंय.

आपल्यापैकी बहुतेकांना पहिलं घड्याळ दहावी पास झाल्यावर मिळालं. आपल्या वडिलांच्या पिढीचं घड्याळ म्हणजे एचएमटी. सरकारी कंपनी, जपानच्या सिटिझनची मदत, 1961 साली बंगळूरला सुरू झालेला कारखाना. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर'. रोज सकाळी चावी द्यायची, कानाला लावून टिकटिक ऐकायची. सोनेरी 'कांचन'वरून तर लग्नात रुसवेफुगवे व्हायचे. मग टायटन आलं, टीव्हीवर मोझार्टची धून घेऊन. मोझार्ट कोण हे आपल्या गावी नव्हतं, पण धून लागली की आमची आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर यायची. 2016 साली सरकारनं एचएमटीचा घड्याळाचा कारभार गुंडाळायचं ठरवलं, आणि जी 'जनता' कपाटात धूळ खात पडली होती, ती शोधत लोक हिंडायला लागले, जादा पैसे मोजायला लागले. आतली चाकं तीच, स्प्रिंग तीच. बदललं ते माणसाच्या मनात.

आता थोडी इंजिनिअरिंगची बाजू. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून सांगते. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक. तोच आपला एक सेकंद. इतकं साधं, देखणं गणित मी नोकरीत फारसं पाहिलेलं नाही. असं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होतं. उलट चावीच्या स्विस घड्याळाला अचूकतेचं अधिकृत प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा त्याला दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा असते. दिवसाला! म्हणजे गुलमंडीवर पाचशे रुपयांत मिळणारं घड्याळ काही लाखांच्या घड्याळाला वेळेत सहज हरवतं. आणि हेच क्वार्ट्झ 25 डिसेंबर 1969 ला सेकोनं पहिल्यांदा मनगटी घड्याळात घालून विकायला काढलं, तेव्हा किंमत होती साडेचार लाख येन. त्या दिवशी चैनीची वस्तू क्वार्ट्झच होती.

मग महागड्या घड्याळाचा आनंद खोटा का? इथे मला एक प्रयोग आठवतो. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध छापला. लोकांना वाइनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाआधी किंमत सांगितली. एकच वाइन एकदा 10 डॉलरची म्हणून दिली, एकदा 90 डॉलरची म्हणून. लोकांना 90 डॉलरवाली जास्त आवडली. यात नवल नाही, माणूस तोंडदेखलं बोलतो. पण त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्र घेतलं जात होतं, आणि सुखाची नोंद घेणारा मेंदूचा भाग महागड्या किमतीला खरोखरच जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ती माणसं शेखी मिरवत नव्हती. त्यांना तो घोट खरंच जास्त गोड लागला होता.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या आसपास. देशभर बातमी झाली. माझ्या पुण्याच्या ऑफिसात लोक मला विचारायला आले, "अगं, तुमच्या औरंगाबादला झालंय काय?" त्याच वर्षी जालना रोडवर शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जोडल्या जात होत्या. ऑडीही जर्मन, तीही महाग, आणि आपल्या हाताशी तयार होणारी. तरी गाव गेलं त्या तीन टोकांच्या ताऱ्याकडे, जी गाडी चाकणला जोडली जाते. इंजिनचा तक्ता मांडून याचं उत्तर सापडणार नाही. 'मागास मराठवाडा' हे शब्द आपण सगळ्यांनी पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलात ऐकलेत. मला वाटतं, त्या ताऱ्यात त्याचं उत्तर होतं. दुष्काळी भागात हे शोभतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आजही पडतो. पण त्या दिवशी ऑफिसात माझी मान थोडी ताठ झाली होती, हेही खरं. मी तर गाडीत बसलेसुद्धा नव्हते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. माझे मामा वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. हातात आलेल्या पैशातले चाळीस हजार देऊन त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून दुबईहून एक नामांकित स्विस घड्याळ मागवलं. आयुष्यातली एकमेव चैन. मामी म्हणाल्या, "नावाचे पैसे." मामा नुसते हसले. लग्नकार्यात, बँकेत, दवाखान्यात ते घड्याळ हातावर असायचं आणि मामा दोन बोटं उंच वाटायचे.

मी सुट्टीत गेले की मामा हात पुढे करायचे. "बघ गं, इतकी वर्षं झाली, एक मिनिट मागं-पुढं नाही. याला म्हणतात स्विस!" मी बघायचे. सेकंदकाटा टक-टक उड्या मारत चालला होता. ते मॉडेल चावीवरचं. त्याचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकत जवळजवळ वाहत जातो. मामा ज्या अचूकतेचं कौतुक करत होते, तीच अचूकता सांगत होती की घड्याळ नकली आहे. दर दोन वर्षांनी ते सिटी चौकात जाऊन त्याचा सेल बदलून आणायचे. त्या घड्याळजींनी मागचं झाकण कितीदा उघडलं असेल. तेही कधी काही बोलले नाहीत.

मी बोलले नाही. इथले माझे काही मित्र म्हणतील, सांगायला हवं होतं, माणूस फसला होता. विकणारा समोर असता तर मी त्याला सोडलं नसतं. पण मामांना सांगून नक्की काय परत मिळालं असतं? चाळीस हजार तर नाहीच. ती दोन बोटं उंची मात्र गेली असती. ती उंची त्या नावानं दिली होती, आणि ज्या कंपनीचं ते नाव, तिला तर यातला एक पैसाही मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी मामा गेले. घड्याळ नातवाला द्यायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला धास्ती वाटली, हॉस्टेलवर कुणीतरी दोन मिनिटांत ओळखेल आणि याची खिल्ली उडवेल. म्हणून तेराव्यानंतर मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विषय काढला.

तो म्हणाला, "आत्या, मला सातवीतच कळलं होतं. यूट्यूबवर बघितलं होतं."

"मग आजोबांना बोलला नाहीस?"

"कशाला? सेल बदलायला आम्ही दोघं जायचो. येताना ते मला मस्तानी पाजायचे."

त्याच्या हातावर ते सैल होतं. दोन कड्या काढून घ्यायला पाहिजेत म्हणाला, आणि त्याच घड्याळजींकडे जाण्यासाठी स्कूटरची चावी शोधायला लागला.