विद्यापीठ गावात येते तेव्हा



महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन श्रम करावेत आणि त्या श्रमातून शिकावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. कृषी पदवीचे विद्यार्थी अखेरच्या वर्षात खेड्यात कार्यानुभव घेतात; कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी ते ओळखले जातात. शिबिर कोणाचेही असो, पथारी पुष्कळदा प्राथमिक शाळेच्या वर्गातच पडते. तेव्हा हा विषय गुरुजींच्या व बाईंच्या दाराशी आपणहून आलेला आहे.

मात्र पाहुणा विद्यार्थी गावाला शिकविण्यास येतो की गावाकडून शिकण्यास, हे सहसा विचारले जात नाही. याचे उत्तर याच जिल्ह्यातील जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यक शिकले, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली जामखेडला आले. प्रशिक्षित परिचारिका गावोगावी ठेवाव्या, हा प्रारंभीचा बेत साधला नाही. परक्या तरुणीला गावात एकटे राहणे अवघड, आणि गावातील बायांना तिच्यापाशी मन मोकळे करणे त्याहून अवघड! मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. निवडलेल्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून तान्ह्यांची वजने घेत, बाळंतपणे स्वच्छतेने करीत, जुलाब झालेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी पाजण्यास आईला शिकवीत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशींचे विद्यार्थी जामखेडला येऊ लागले व या बायांकडून धडे घेऊ लागले. पदवीधर खाली बसला आहे आणि निरक्षर बाई त्याला समजावून सांगत आहे, हे दृश्य कोणाही शिक्षकाने मनात साठवावे असे आहे.

सर्वच शिबिरांत असे घडत नाही. सात दिवसांत शंभर रोपे लागतात. चैत्रात त्यांना पाणी कोण घालणार, हे ठरलेले नसते. विद्यार्थी घरोघर फिरून पाहणीची पत्रके भरतात, ती महाविद्यालयाच्या कपाटात जातात आणि गावाला आपलीच माहिती पुन्हा दिसत नाही. गावकऱ्यांचा उत्साह मावळतो तो येथेच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

येथे शिक्षकाचे वजन उपयोगी पडते. वर्गाची किल्ली देण्यापूर्वी त्याने शिबिरप्रमुखाशी दोन गोष्टी बोलून घ्याव्या. काम कोणते, हे ग्रामसभेत व बायांच्या बैठकीत विचारून ठरावे. आणि पाहणीचा निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून गावात वाचून दाखविला जावा. मागे राहिलेले काम शाळेनेही थोडे उचलावे. गुरुजी जवळ उभे असता चौथीची मुले कठडा असलेल्या विहिरीची पाणपातळी दर सोमवारी गाठी मारलेल्या दोरीने मोजून वहीत लिहू शकतात. पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती ती वही पहिल्याच दिवशी ठेवता येईल.