यादीची खतावणी



बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ साली, कल्याणात सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, आणि १८९३ साली ठाण्यात, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींच्या उद्योगातून, मराठी ग्रंथांचा संग्रह व्हावा या एकाच हेतूने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. अशा संस्थांविषयी बोलताना ग्रंथांची आणि ग्रंथकारांची महती आपण आवर्जून गातो. परंतु जिच्यावाचून ग्रंथालय हे पुस्तकांचे नुसते कोठार होऊन बसेल, त्या यादीचे नाव मात्र क्वचितच आपल्या ओठी येते. आज मी त्या यादीविषयी, आणि ती संगणकाकडून वर्गवार कशी लावून घ्यावी याविषयी बोलणार आहे.

ग्रंथालयात पुस्तक आले की त्याची पहिली नोंद दाखल नोंदवहीत होते. तेथे क्रम असतो तो आगमनाचा. पाकशास्त्राच्या पुस्तकाखाली नाटक, नाटकाखाली ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत, तिच्याखाली दिवाळी अंक, आणि प्रत्येकाला आपला दाखल क्रमांक. ही नोंद खरी असते, पण ‘तुमच्याकडे नाटके कोणकोणती आहेत?’ या साध्या पृच्छेला ती उत्तर देऊ शकत नाही. पेढीवरचा मुनीम दिवसभराचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत जसा घडला तसा टिपतो आणि मागाहून एकेक रक्कम त्या त्या इसमाच्या खात्यावर उतरवतो; या दुसऱ्या कृत्याला खतावणी म्हणतात, आणि यादीतील एकेक ओळ उचलून तिच्या वर्गाच्या स्वतंत्र फाइलीत नेऊन ठेवणारी जी चार-दोन डझन ओळींची आज्ञावली आज कोणीही होतकरू विद्यार्थी पायथन भाषेत लिहू शकतो, ती याहून निराळे काहीच करीत नाही.

हे कार्य मनुष्याने हाताने केले तेव्हा त्याला किती आयुष्य वेचावे लागले, याचे दाखले आपल्याकडे आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले होते. त्यांतून निवड करून, विषयवार लावून, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालावधीतील मुद्रित मराठी ग्रंथांची विषयवार सूची सिद्ध केली, आणि तेवढ्यावर न थांबता ती पुढे १९५० पर्यंत आणली. संगणक नसताना ज्यांनी हे केले त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र होते; आणि म्हणूनच, संगणक हाताशी असूनही आपल्या कित्येक लहान वाचनालयांच्या याद्या आजही विस्कळीत पडून राहाव्यात, याचे मला मनापासून दुःख होते.

डोंबिवलीतील एका लहान वाचनालयाची, तीन-चार स्वयंसेवकांनी मोठ्या निष्ठेने टंकित केलेली यादी माझ्यासमोर आहे. प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, कर्ता आणि विषय. आज्ञावली ही यादी एकेक ओळ करून वाचते, विषयाचा रकाना पाहते, त्या विषयाच्या नावाची फाइल असल्यास ओळ तीत घालते, नसल्यास नवी फाइल उघडते, आणि सरतेशेवटी प्रत्येक फाइलीतील ओळी कर्त्याच्या आडनावाच्या क्रमाने लावते. हे सांगायला जितके सोपे तितकेच करायलाही सोपे आहे. अडचण येते ती क्रम लावताना, आणि ती अडचण आपल्या भाषेच्या वर्णमालेतूनच उद्भवते.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे, आणि देवनागरीची तेथील मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली आहे, जे प्रमाण अनेक भारतीय लिप्यांना एकत्र लागू व्हावे अशा बेताने आखलेले होते. त्या मांडणीत ळ हा वर्ण ल च्या शेजारी बसतो. आपल्या मराठी वर्णमालेत मात्र त्याचे स्थान ह च्या पुढे आहे. परिणाम काय होतो, तो आपल्या परिचयाच्या स्थानकांवरूनच पाहा. कर्जत, कल्याण, कळवा, कसारा, असा क्रम संगणक लावील. मराठी कोशाची सवय असलेला वाचक कर्जत, कल्याण, कसारा आणि मग कळवा असा शोध घेईल. चार नावांत हा भेद खपून जातो, परंतु कित्येक हजार नोंदींच्या यादीत वाचक चुकीच्या जागी पाहून, पुस्तक नाही असे समजून, निघून जातो.

क्ष आणि ज्ञ यांची अवस्था याहून कठीण. ही अक्षरे युनिकोडात स्वतंत्र नाहीतच. क, हलन्ताचे चिन्ह आणि ष मिळून क्ष होतो, आणि ज्ञ चीही घडण तशीच. त्यामुळे आद्याक्षरावरून फाइली पाडणारी आज्ञावली श्री. के. क्षीरसागरांना क च्या फाइलीत, आणि तेथेही कोल्हटकरांच्या मागे, अगदी तळाशी नेऊन बसवते, तर ज्ञानेश्वर ज च्या फाइलीत जातात. ज्या मराठी माणसाने मुळाक्षरे गिरवताना ‘ळ क्ष ज्ञ’ असा शेवट म्हटला आहे, तो ज्ञानेश्वरांना ज च्या खाली कशासाठी शोधील? खंडांच्या अंकांचेही तसेच. सरदेसायांचे पंचेचाळीस खंड केवळ अक्षरक्रमाने लावले तर पहिल्यानंतर दहावा, अकरावा, असे एकोणिसाव्यापर्यंत येतात आणि मग कोठे दुसरा. अंकाला अंक म्हणून वाच, असे यंत्राला स्पष्ट बजावावे लागते.

याहून सूक्ष्म असे एक विघ्न आहे, जे डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात २००८ साली दाखल झाले आणि त्याला जागा मिळाली ती अंकांच्याही पुढे. त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आले होते, आणि अद्यापही कित्येकजण तसेच टंकतात. तेव्हा ॲनी बेझंट यांची दोन चरित्रे दोघा स्वयंसेवकांनी टंकली, तर एक अ च्या वर्गात जाते आणि दुसरे यादीच्या अखेरच्या टोकाला, आणि छापील कागदावर मात्र दोन्ही नावे अक्षरशः एकसारखी दिसतात. ‘गोऱ्हे’ या आडनावातील ऱ्ह सुद्धा दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत स्वतंत्र ऱ असतो, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. म्हणून माझा आग्रह असा की, वर्गीकरणाला हात घालण्यापूर्वी आज्ञावलीने संपूर्ण यादीतून एक फेरी मारून अशी सारी द्विरूपे एकरूप करून घ्यावीत. मराठीचा स्वतःचा वर्णक्रमही युनिकोडच्या भाषाविषयक नोंदींत दाखल आहे. पायथनची साधी क्रम लावण्याची आज्ञा त्याची दखल घेत नाही, पण आयसीयू या नावाची जी मुक्त सामग्री उपलब्ध आहे, तिच्या द्वारे तो क्रम मागितला की मिळतो. मागण्याची तसदी मात्र आपणच घ्यायला हवी.

आता वर्गांविषयी. कवितेसाठी कुसुमाग्रज आणि नाटकासाठी वि. वा. शिरवाडकर हे नाव वापरणाऱ्या लेखकाचे खाते एक की दोन? माझ्या मते एकच असावे, आणि दुसऱ्या नावाखाली त्याकडे निर्देश करणारी एक ओळ असावी. पण हा निर्णय ग्रंथपालाचा आहे, यंत्राचा नव्हे. देणगीदारांची गाववार यादी करू गेल्यास असे निर्णय पावलोपावली घ्यावे लागतात. ‘डोंबिवली’, ‘डोंबीवली’, ‘डोंबिवली पूर्व’, ‘डोंबिवली (पू.)’ या चार लेखनांच्या चार फाइली होतात. वसई, डहाणू, जव्हार येथील जुन्या देणगीदारांच्या पत्त्यावर ‘जिल्हा ठाणे’ असे लिहिलेले असते, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ती गावे पालघर जिल्ह्यात मोडतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतून २००२ साली वगळली गेलेली सत्तावीस गावे २०१५ साली पुन्हा आत आली. पत्ता जेव्हा लिहिला तेव्हाचा की आजचा, हे ठरवल्याखेरीज वर्गीकरण होऊच शकत नाही. माझा कल जुन्या पत्त्याला हात न लावता शेजारच्या रकान्यात आजचा जिल्हा लिहिण्याकडे आहे, कारण मूळ दस्तऐवजातील मजकूर बदलण्याचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही. यासाठी आज्ञावलीच्या सोबत एक लहानसा तक्ता ठेवावा: डाव्या बाजूस आढळलेले रूप, उजवीकडे मान्य रूप.

फाइली कशा असाव्यात? साध्या मजकुराच्या. पूर्वी विशिष्ट फाँटांत टंकलेल्या मराठी याद्या, तो फाँट नाहीसा होताच, निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन बसलेल्या आपण पाहिल्या आहेत. युनिकोडातील साधी टेक्स्ट फाइल कोणत्याही संगणकावर, मोबाइलवर, कसल्याही खास सामग्रीवाचून उघडते.

आणि ताळा. मुनीम ताळा जमल्याशिवाय वही मिटत नाही, तसा नियम येथेही असावा: मूळ यादीत जितक्या ओळी तितक्याच सर्व फाइलींत मिळून भरल्या पाहिजेत. बेरीज जास्त आली तर बहुधा आज्ञावली दोनदा चालवली गेली आणि जुन्याच फाइलींत ओळी पुन्हा जोडल्या गेल्या, असे समजावे. म्हणून दर खेपेस फाइली कोऱ्या करूनच आरंभ करावा. बेरीज कमी आली तर ज्या ओळींचा विषय कोठेच बसला नाही त्या गळाल्या. अशी ओळ गळू देणे म्हणजे एक पुस्तक वाचकापासून कायमचे हिरावून घेणे आहे. तिच्यासाठी ‘संकीर्ण’ नावाची फाइल प्रथमपासूनच उघडून ठेवावी.

ही संकीर्ण फाइल छापून काढावी आणि वाचनालयातील सर्वांत जुन्या, कपाटन् कपाट ठाऊक असलेल्या ग्रंथपालांच्या हाती द्यावी. कोणते पुस्तक चरित्र म्हणून आले आणि वस्तुतः कादंबरी आहे, कोणता ‘वि. ल.’ म्हणजे भावे, हे ते पेन्सिलीने समासात लिहितील. तो प्रत्येक निर्णय तारखेसह तक्त्यात चढवावा, आणि आज्ञावली पुन्हा चालवावी.