हुन्सरुकचे शेजारी

शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीतल्या हुन्सरुक पठारावर हान हा अमेरिकी हवाई तळ होता. बरीच सैनिकी कुटुंबं आसपासच्या खेड्यांत भाड्यानं राहत. किराणा तळावरच्या दुकानातून, डॉलरमध्ये. पाव मात्र गावच्या बेकरीतला, मार्क मोजून. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या मिरवणुकीत कागदी कंदील घेतलेली पोरं अंधारातून गात निघत. त्यात अमेरिकी मुलंही असत, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. घरात रेडिओवर अमेरिकी सैन्याचं एएफएन लागे. शेजारची जर्मन तरुण मंडळीही ते आवडीनं ऐकत. बदलीची ऑर्डर आली की सामान खोक्यांत, आणि गावातले सवंगडी निरोपाला फाटकापाशी. १९९३मध्ये हवाई तळ बंद झाला. पुढं तिथंच फ्रँकफुर्ट-हान विमानतळ सुरू झाला.