भिंतीवरील जुना थर : झाकावा की काढावा?



घराचे नूतनीकरण काढले की पहिला प्रश्न भिंतीपाशी उभा राहतो. पूर्वी हौसेने चिकटविलेला शोभेचा कागद जुना झालेला असतो. कोठे कडा सुटलेल्या, कोठे रंग विटलेला. त्यावरच नवा रंग द्यावा, की कागद समूळ काढून भिंत मोकळी करावी? पहिला मार्ग थोड्या दिवसांचा आणि कमी खर्चाचा, दुसरा कष्टाचा व धुळीचा. म्हणून बहुधा पहिलाच पत्करला जातो. परंतु स्वस्त काय आणि महाग काय, हे खालचा थर किती पक्का आहे यावर ठरते.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीपासून आहे. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि वर गेरूचा हात, अशी तेथील भिंत. लग्नकार्यात वारली घरांतील सवाष्णी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहितात. पुढच्या प्रसंगी जुने चित्र कोणी खरवडीत बसत नाही. त्यावरच सारवण होते आणि नवे चित्र उमटते. येथे झाकणे योग्य ठरते, कारण खालचा थर मातीचा आणि वरचाही मातीचाच. दोन्ही एकमेकांना धरतात आणि दोन्हींतून भिंतीतील ओल बाहेर पडते. चुन्याच्या भिंतीवर चुन्याचीच सफेदी टिकते, त्याचेही कारण हेच.

कागदाची गोष्ट निराळी. तो भिंतीला खळीने धरलेला असतो. पाण्यात कालविलेला रंग वर बसला की ते पाणी कागदातून खळीपर्यंत झिरपते, खळ मऊ पडते आणि कागदाला फुगे येतात. रंग वाळताना आकसतो व सैल कडांना ओढतो. जुन्या छापाची शाई नव्या रंगातून डोकावते. कागदावर प्लास्टिकचा मुलामा असेल तर साधा रंग नीट धरतच नाही. अशा वेळी नव्या रंगाचे आयुष्य डब्यावरील हमीने ठरत नाही, ते जुन्या खळीच्या हाती असते.

त्यात हा मुलूख डोंगराळ आणि मुसळधार पावसाचा. जून ते सप्टेंबर भिंती पाणी पितात. माती किंवा चुन्याची भिंत ते पुढे उन्हाळ्यापर्यंत हळूहळू सोडून देते. तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर तैलरंग चढविला तर ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, बुरशी धरते, गिलावा सुटतो. बाहेरून भिंत चकचकीत आणि आतून भुसभुशीत, अशी अवस्था येते. त्याच खोलीत तान्हे मूल निजते, दम्याचे वृद्ध राहतात, याचा विसर पडता कामा नये.

चांगल्या हेतूने चढविलेला थरही पुढे जड जातो, हे अजिंठ्याने दाखविले. १९२० ते १९२२ च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने लेण्यांतील चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी या तज्ज्ञांना बोलाविले. सुटू लागलेला गिलावा पक्का करण्याचे मोठे काम तेव्हा झाले. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही दिले गेले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, काळवंडले आणि मूळ रंगच झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरविण्याचे अत्यंत नाजूक काम वर्षानुवर्षे करावे लागले.

उलट, काढणे म्हणजे नष्ट करणे नव्हे, हा धडा तंजावरचा. ज्या नगरीत पुढे भोसले घराण्याने राज्य केले आणि मराठी भाषा नांदली, तेथील बृहदीश्वर मंदिरात १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना नायककालीन चित्रांच्या खाली अकराव्या शतकातील चोळकालीन चित्रे आढळली. वरचा थर सतराव्या शतकातला, म्हणजे तोही मोलाचाच. पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी तो अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसविला आणि खालची चित्रे प्रकाशात आणली. संयमामुळे दोन्ही वाचली.

घरच्या भिंतीची परीक्षा अवघड नाही. बोटांनी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर थर सुटला आहे. कागदाचा कोपरा ओढून पाहावा. हातभर प्लास्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवून दीड-दोन दिवस ठेवावे. आतल्या बाजूस थेंब जमले तर भिंतीत ओल आहे. ओल असेल तर आधी पाण्याचा मार्ग शोधून बंद करावा. कागद काढताना तो कोमट पाण्याने भिजवून बोथट पत्तीने सोडवावा, उरलेली खळ धुऊन भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच लांबी व रंग. हे काम पावसाळा सरून भिंत सुकल्यावरच काढावे. थर पक्का, कोरडा आणि एकच असेल, तर योग्य अस्तर देऊन झाकण्यासही हरकत नाही.

जुना तैलरंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर दहा लक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ बालकांच्या मेंदूस घातक असते. असे काम माहीतगार माणसाकडूनच, धूळ उडू न देता करवावे.

आणि जीर्णोद्धार एखाद्या जुन्या मंदिराचा किंवा वाड्याचा असेल, तर पत्ती आणि रंगाचा डबा दोन्ही क्षणभर बाजूस ठेवावेत. आधी छायाचित्रे घ्यावीत, जाणकारास दाखवावे. घरचा कागद पुन्हा मिळेल. पूर्वजांच्या हातची रेघ एकदा खरवडली गेली की कोणत्याही देणगीतून ती परत येत नाही.